नद्यांची रोजकीर्द

श्रावणातील अखेरच्या सोमवारी अकोल्याहून गांधीग्रामकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून गेलेला असतो. शेकडो शिवभक्त पूर्णेच्या पाण्याने भरलेल्या कावडी खांद्यावर घेऊन रात्रभर चालत येतात आणि अकोल्याच्या राजराजेश्वरास त्या जलाचा अभिषेक करतात. त्या दिवशी पूर्णेतून किती घागरी पाणी भरून नेले, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही, आणि ठेवण्याचे कारणही नाही. परंतु त्याच गांधीग्रामाला लागून असलेल्या गोपालखेड येथे दुसरी एक मोजदाद अखंड चाललेली असते. नदीपात्राच्या काठावर आकड्यांनी रंगविलेल्या मापपट्ट्या उभ्या केलेल्या आहेत. त्यांवरील पाण्याची पातळी सकाळी आठ वाजता पाहावयाची व वहीत टिपून घ्यावयाची, असा तेथील नेम आहे. पुराच्या दिवसांत तर रात्र असो वा दिवस, तासातासाला ही नोंद घ्यावी लागते. हे केंद्रीय जल आयोगाचे मापनकेंद्र होय. पूर्णेवर अशी तीन केंद्रे एकापुढे एक आहेत. वरच्या अंगास मूर्तिजापूर तालुक्यात लाखपुरी, मध्ये गोपालखेड आणि खाली बुलढाणा जिल्ह्यात नांदुरा तालुक्यातील येरळी.

वाण्याच्या दुकानात रोजची आवक-जावक जीत लिहितात, त्या वहीला रोजकीर्द म्हणतात, हे तुम्हांस ठाऊक असेल. मापनकेंद्रातील वही ही नदीची रोजकीर्दच आहे. ती कशी लिहितात, आणि ती लिहिली नाही तर काय बिघडते, हे आज आपण पाहू. त्यासाठी आपणांस आपल्या पूर्णेच्या काठावरून थेट हिमालयातील गोमुखापर्यंत जावे लागेल. प्रवास लांबचा आहे खरा, परंतु मोजण्याची विद्या दोन्हीकडे एकच आहे.

प्रथम आपली नदी नीट पाहून घेऊ. पूर्णा मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, भैसदेहीच्या परिसरात उगम पावते. सातपुड्याची गाविलगडची रांग उतरून ती वऱ्हाडच्या सपाटीवर येते, अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. उत्तरेकडील डोंगरांतून चंद्रभागा, शहानूर, वान इत्यादी नद्या तिला येऊन मिळतात, तर दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, मन, नळगंगा अशा नद्या येतात. या सर्वांचा प्रदेश मिळून सुमारे १९,००० चौरस किलोमीटर भरतो. वर चिखलदऱ्यास मुसळधार पाऊस पडतो. खाली अकोल्यास वर्षाकाठी सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर पडतो, चिखलदऱ्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट. हा पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. म्हणून पूर्णेचे रूपही दोन टोकांचे आहे. श्रावण-भाद्रपदात ती दोन्ही थड्या भरून, काळी माती कालवून, गढूळ होऊन धावते आणि वैशाखात तिच्याच पात्रात ठिकठिकाणी नुसते डोह उरतात. ऋणमोचनला पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. तेथे काठच्या चिखलात यात्रेकरू घसरून पडत, म्हणून गाडगेबाबांनी खपून घाट बांधविला. त्या घाटाच्या पायऱ्या पौषात आणि श्रावणात ज्याने पाहिल्या असतील, त्याला पूर्णेच्या चढउताराचे वेगळे वर्णन करून सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट आपल्या पूर्णाखोऱ्याची विशेष आहे. ती म्हणजे खारपाणपट्टा. या खोऱ्यातील पुष्कळ गावांच्या विहिरींचे पाणी खारट आहे. ते पिण्यास चालत नाही आणि पिकांनाही मानवत नाही. जेथे भूमीच्या पोटातील पाणी असे रुसलेले आहे, तेथे डोंगरातून येणाऱ्या गोड्या पाण्याचे मोल केवढे असेल! अकोट-तेल्हारा भागातील कित्येक खेड्यांना वान धरणाचे पाणी नळाने न्यावे लागते. अकोला शहर काटेपूर्णेवरील महानच्या धरणावर विसंबून आहे, तर अमरावतीस मोर्शीजवळील ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी येते. धरण बांधताना नदी वर्षाला किती पाणी आणते, हे आधी ठाऊक असावे लागते. अंदाजाने बांधलेले धरण एक तर कोरडे राहते, नाही तर पुरात धोक्यात येते.

आता मोजावयाचे कसे? तांब्यातील पाणी मापाने मोजता येते, विहिरीतील पाणी दोरीने. पण वाहते पाणी कोणत्या मापात धरावे? एक माप भरेपर्यंत हजार मापे निघून जातात! येथे मनुष्याच्या बुद्धीने एक सोपी युक्ती काढली आहे. नदीच्या एका ठिकाणाहून एका सेकंदात किती पाणी पुढे सरकते, एवढेच मोजावयाचे. त्यासाठी दोन गोष्टी पुरतात: तेथे पाण्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ किती आणि पाण्याचा वेग किती. या दोहोंचा गुणाकार केला की विसर्ग निघतो. 'विसर्ग' हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रांतून वाचीत असालच. धरणाची दारे उघडली की 'इतक्या क्युसेकचा विसर्ग सुरू' असे छापून येते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. आज शास्त्रीय लिखाणात घनमीटर प्रतिसेकंद हे माप वापरतात. एका घनमीटरात सुमारे ३५ घनफुटे मावतात, आणि एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० लिटर.

उदाहरण घेऊन पाहू. समजा, गावाजवळचा एक ओढा सहा मीटर रुंद आहे. त्याच्या रुंदीचे पाच सारखे पट्टे केले, म्हणजे प्रत्येक पट्टा १.२ मीटरचा झाला. प्रत्येक पट्ट्याच्या मध्यावर काठी उभी धरून खोली मोजली. ती ०.३, ०.५, ०.७, ०.६ आणि ०.४ मीटर भरली. प्रत्येक खोलीस १.२ ने गुणून बेरीज करा. ती बरोबर तीन चौरस मीटर येईल. हे झाले छेदाचे क्षेत्रफळ. आता काठावर २० मीटर अंतर मोजून दोन खुणा करा आणि वरच्या खुणेपाशी लाकडाचा एक ठोकळा पाण्यात सोडा. त्याला खालच्या खुणेपर्यंत जाण्यास २५ सेकंद लागले, तर त्याचा वेग सेकंदास ०.८ मीटर झाला. परंतु येथे थोडे सावध राहिले पाहिजे. ठोकळा तरंगतो तो वरच्या थरात, आणि तळाशी दगडमातीशी घासून चालणारे पाणी वरच्या पाण्यापेक्षा हळू जाते. म्हणून ठोकळ्याचा वेग सामान्यतः ०.८५ ने गुणून घेतात. म्हणजे सरासरी वेग ०.६८ मीटर झाला. त्याला तीनने गुणले की उत्तर येते २.०४ घनमीटर, अर्थात सेकंदाला सुमारे दोन हजार लिटर. एवढासा ओढा, आणि तो दर सेकंदाला दोनशे घागरी ओतीत असतो! (घागर दहा लिटरांची धरली आहे. तुमच्या घरची मोठी असेल, तर भागाकार तुम्हीच करा.) हा प्रयोग पावसाळा सरल्यानंतर, गुडघ्याहून कमी पाण्यात आणि मोठे माणूस सोबत असतानाच करावा. पुराच्या पाण्यात काठीही घालू नये.

मोठ्या नदीवर ठोकळ्याऐवजी वेगमापक यंत्र वापरतात. त्याला लहान लहान वाट्यांचे एक चक्र असते. पाण्याच्या धक्क्याने ते फिरते, आणि ठरावीक वेळात त्याचे किती फेरे झाले, यावरून वेग कळतो. ते यंत्र पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या सहा दशांशांवर धरतात, कारण त्या ठिकाणचा वेग बहुधा संपूर्ण खोलीच्या सरासरी वेगाइतका असतो. नदी खोल असेल, तर नावेतून किंवा पुलावरून वजन बांधलेल्या तारेने यंत्र खाली सोडावे लागते. अलीकडे पुलाच्या कठड्याखाली बसविलेली आणि पाण्याला न शिवता पातळी सांगणारी रडार यंत्रेही आली आहेत.

तुम्ही विचाराल की, असा खटाटोप रोज तासातासाला कसा करता येईल? तो करीत नाहीत, आणि येथेच या विद्येची खरी गंमत आहे. वर्षभरात निरनिराळ्या पातळ्यांना, कधी उन्हाळ्यातील बारीक धारेला तर कधी ऐन पुरात, असा विसर्ग पुष्कळ वेळा मोजून ठेवतात. मग आलेखपत्रिकेवर एका बाजूस पातळी व दुसऱ्या बाजूस विसर्ग मांडून बिंदू जोडले की एक वक्ररेषा तयार होते. ती हाती असली म्हणजे पुढे केवळ पातळी वाचली तरी विसर्ग रेषेवरून काढता येतो. काठावरची साधी रंगविलेली पट्टी अशा रीतीने बोलू लागते. मात्र ही रेषा एकदा आखून कायमची पेटीत ठेवण्यासारखी नसते. पूर्णेचे काठ गाळाच्या मातीचे आहेत. एक मोठा पूर येतो, कोठे तळ खरवडतो, कोठे वाळूचा थर टाकतो, आणि कालपर्यंत जी पातळी एवढे पाणी सांगत होती, ती आज तेवढे सांगत नाही. त्यामुळे मोजणारे लोक पुन्हा पुन्हा पाण्यात उतरतात आणि रेषा दुरुस्त करतात. नदी बदलते, म्हणून तिचे मापही ताजे ठेवावे लागते. माझ्या मते शाळेतील गणिताच्या पुस्तकात हौदात पाणी सोडणाऱ्या नळांची जी उदाहरणे असतात, त्यांच्यापेक्षा हे उदाहरण अधिक जिवंत आहे.

पाणी मोजण्याची ही हौस आजची नव्हे. इजिप्त देशात कैरो शहराजवळ, नाईल नदीतील रोडा बेटावर, इसवी सन ८६१ मध्ये बांधलेला मापस्तंभ अद्यापि उभा आहे. नाईलचा पूर त्यावर कोठवर चढला, हे पाहून त्या वर्षीचे पीक व सारा यांचा अदमास घेत असत. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या देशांत किती पाऊस पडतो, याचे प्रमाण द्रोण या मापात दिलेले आहे, आणि अपरान्ताचा, म्हणजे कोकणचा पाऊस मात्र अमाप म्हटला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेबनीस कोकणापुढे हात टेकतो, हे वाचून हसू आल्यावाचून राहत नाही.

आता हिमालयाकडे वळू. उत्तराखंडात गंगोत्री नावाची हिमनदी आहे. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. उंच खोऱ्यात वर्षानुवर्षे हिम पडत राहते, खालच्या थरांवर वरच्या थरांचा भार येतो, भुसभुशीत हिमाचे दाबून टणक बर्फ होते, आणि तो प्रचंड बर्फ आपल्याच भाराने, डोळ्यांना न दिसेल इतक्या मंद गतीने, उतारावरून सरकू लागतो. गंगोत्री हिमनदीची लांबी सुमारे ३० किलोमीटर आहे. ती जेथे संपते, त्या बर्फाच्या गुहेला गोमुख म्हणतात. तेथून भागीरथी बाहेर पडते. भूगर्भशास्त्रज्ञ ऑडन यांनी १९३५ साली या मुखाचा नकाशा काढला. त्यानंतर वेळोवेळी मोजणी होत गेली, आणि १९३५ पासून १९९६ पर्यंतच्या ६१ वर्षांत गोमुख सुमारे १,१५० मीटर मागे गेल्याचे आढळले. म्हणजे वर्षाला सरासरी १९ मीटर. अजूनही ते मागे सरत आहे.

'मागे सरणे' या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. हिमनदी काही डोंगरावर उलटी चढत नाही. तिचा बर्फ सदैव खालीच येत असतो, परंतु मुखाशी जेवढा बर्फ वरून येऊन पोहोचतो, त्याहून अधिक वितळून जातो, म्हणून तिचे टोक आखडत जाते. मनुष्याने कोळसा व तेल जाळून हवेत जे वायू सोडले, त्यांच्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे, आणि या आखडण्याचे तेच आज मुख्य कारण आहे.

येथे मला वऱ्हाडातील जुन्या वाड्यांतील पेवाची आठवण होते. अंगणात खोल खड्डा खणून, आतून सारवून, त्यात ज्वारी साठवीत आणि तोंड बंद करीत. सुगीला भरावयाचे आणि अडचणीच्या काळात काढावयाचे. हिमनदी हे डोंगरातील पेवच आहे. हिवाळ्यात ते भरते, उन्हाळ्यात त्यातून पाणी निघते, आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी तर त्याचाच आधार असतो. आता कल्पना करा की, एखाद्या घरात दरवर्षी पेवात दहा पोती पडतात आणि बारा निघतात. पुढे बाराची पंधरा होतात. बाहेरून पाहणाऱ्यास ते घर भरभराटीस आलेले दिसेल. अंगणात रोज धान्याची रास! पण पेवाचा तळ कोणी वाकून पाहत नाही. मग एके वर्षी पंधरा पोती निघत नाहीत, बारा निघतात. पुढे आठ, पुढे पाच.

आखडत चाललेल्या हिमनदीच्या पाण्याचे नेमके असेच होते. तापमान वाढले की बर्फ अधिक वितळतो व नदीला आरंभी पूर्वीपेक्षा जास्त पाणी येते. हे कित्येक वर्षे चालते. मग एक शिखर येते. त्यानंतर हिमनदीच इतकी लहान होते की कितीही ऊन पडले तरी वितळावयास बर्फ उरत नाही, आणि विसर्ग उतरू लागतो. काठावर राहणाऱ्या शेतकऱ्यास हे शिखर दिसत नाही. चढतीच्या काळात तो नवे पाट काढतो, नवी जमीन ओलिताखाली आणतो आणि त्याच पाण्यावर पुढची बेगमी करून बसतो. हे शिखर दाखविते ती रोजकीर्दच, आणि तीही चारदोन वर्षांची चालत नाही, पिढ्यांची लागते. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात सांता नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या मध्यापासून ओढ्यांच्या विसर्गाच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. संशोधकांनी त्या तपासून २०१२ साली असे दाखविले की, अभ्यासलेल्या नऊ पाणलोटांपैकी सात शिखर ओलांडून केव्हाच उताराला लागले आहेत. ज्यांनी त्या नोंदी लिहिल्या, त्यांना त्यांचा हा उपयोग ठाऊक असण्याचा संभव फार थोडा. ते आपले रोजचे काम रोज करीत होते.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. गंगेचे सारे पाणी बर्फाचेच असते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. सपाटीवरील गंगेत पावसाचे व भूमीतून झिरपणारे पाणीच अधिक असते. बर्फाच्या पाण्याचे महत्त्व डोंगरातील वरच्या खोऱ्यांत, उन्हाळ्यात आणि अवर्षणाच्या वर्षी विशेष जाणवते. सिंधूच्या खोऱ्यात ते याहून पुष्कळ अधिक आहे.

गोमुखाच्या खाली काही किलोमीटरवर भोजवासा नावाचे ठिकाण आहे. तेथे रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने भागीरथीचा विसर्ग मोजण्याची व्यवस्था केली. ही संस्था १९७८ साली स्थापन झाली. तेथील नदी आपल्या पूर्णेसारखी मातीतून वाहणारी नव्हे. पाणी शिळांवर आदळत, फेस उडवीत, हाडे गोठविणाऱ्या थंडाईने धावत असते. वाट्यांचे नाजूक यंत्र तेथे टिकणे कठीण. म्हणून शास्त्रज्ञांनी तेथे लाकडी ठोकळे सोडून वेग मोजला. तुम्ही ओढ्यात जो प्रयोग कराल, तोच! याहूनही लहान व खळाळत्या डोंगरी ओढ्यांत आणखी एक नामी युक्ती योजतात. ठरावीक वजनाचे मीठ पाण्यात विरघळवून वर ओतावयाचे आणि खाली काही अंतरावर पाणी किती खारट झाले, हे विजेच्या यंत्राने पाहावयाचे. चिमूटभर मीठ वाटीभर पाण्यात टाकले तर जिभेला झोंबते, बादलीत टाकले तर कळतही नाही. जितका खारटपणा कमी, तितके पाणी जास्त. खारपाणपट्ट्यातील मुलांना मिठाचा हा सरळ स्वभाव पाहून नवल वाटेल, कारण त्यांच्या विहिरीत त्याने केवळ उपद्रवच दिलेला आहे.

बर्फाच्या नदीची रोजकीर्द वाचू लागलो म्हणजे तिची चाल आपल्या नदीहून किती वेगळी आहे, ते दिसते. पूर्णेचे पाणी पावसाबरोबर चढते आणि पाऊस थांबला की ओसरते. भागीरथीचे वरचे पाणी मात्र निरभ्र दिवशीही चढते, किंबहुना उन्हाच्या दिवशी अधिक चढते. दिवसा सूर्य तापतो, बर्फ वितळतो, ते पाणी बर्फाच्या पोटातील वाटांनी गोमुखापाशी येईपर्यंत काही तास जातात, आणि म्हणून नदी सायंकाळच्या सुमारास सर्वांत भरलेली असते. रात्री थंडी पडली की वितळणे मंदावते व पहाटे पाणी उतरते. हिमालयातील मेंढपाळ आपले कळप ओढ्यांपार करावयाचे असले म्हणजे पहाटेच निघतात. दुपारी पोहोचणारा वाटसरू पलीकडच्या तीराकडे नुसता पाहत बसतो.

केवळ पाणी मोजून मात्र भागत नाही. पेवातून काय निघाले, हे नदीकाठी कळते, परंतु आत किती पडले, हे पाहण्यास हिमनदीच्या पाठीवरच जावे लागते. तेथे बर्फात खोल भोके पाडून बांबूच्या काठ्या रोवतात. उन्हाळ्याच्या अखेरीस काठी जितकी अधिक उघडी पडली असेल, तितका बर्फ तेथे गेला. हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पीती भागात, चंद्रा नदीच्या खोऱ्यात, छोटा शिग्री नावाची हिमनदी आहे. तिचा असा जमाखर्च दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधक व त्यांचे सहकारी २००२ सालापासून ठेवीत आले आहेत. प्राणवायू विरळ, दोरांच्या आधाराने चढाई, पाठीवर काठ्यांचा भारा, आणि या सर्वांचे फळ म्हणजे वहीतील काही आकडे! परंतु त्या आकड्यांना किती मोल आहे, हे संकटाच्या वेळी कळते. मागे सरणाऱ्या हिमनद्यांच्या पुढ्यात वितळलेल्या पाण्याची सरोवरे साचतात, आणि त्यांचे बांध दगडमातीचे व कच्चे असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील साउथ ल्होनाक हे असेच सरोवर रात्री फुटले. तीस्ता नदीला अकस्मात पूर आला, चुंगथांगचे मोठे धरण वाहून गेले आणि अनेक माणसे प्राणांस मुकली. अशा वेळी वरच्या अंगाची पातळी खाली कळण्यास जितकी मिनिटे लागतात, तितकी मिनिटे लोकांच्या हातून निसटलेली असतात.

आपल्या वऱ्हाडात हिमनदी नाही, आणि येण्याचे भयही नाही. पण विदर्भात ती कधीच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही! चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस इरई गावाजवळ चुनखडकाच्या एका फरशीवर समांतर ओरखडे उमटलेले एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी तेथून बर्फाचा प्रवाह सरकत गेला आणि त्याच्या तळाशी अडकलेल्या धोंड्यांनी खडकावर ते ओरखडे ओढले. त्या वेळी आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती. तेव्हाच्या पाण्याची नोंद ठेवावयास कोणी नव्हते, म्हणून खडकाने ती ठेवली.

पूर्णेचे पेव वेगळे आहे. ते हिमाचे नव्हे. मेळघाटच्या रानातील मातीत, गाळाच्या थरांत आणि काळ्या खडकाच्या भेगांत जे पाणी मुरते, तेच हिवाळ्यात हळूहळू झिरपून नदीत येते. हे पेवही भरते तितकेच देते. रान तुटले, पाणी मुरावयाच्या आतच वाहून गेले, किंवा विहिरींतून उपसा वाढला, तर पूर अधिक उंच येईल आणि डोह अधिक लवकर आटतील. तसे होत आहे की नाही, हे चावडीवरच्या गप्पांत ठरत नाही. 'आमच्या लहानपणी पूर्णा बारमाही वाहत असे' असे म्हातारी माणसे सांगतात. त्यांच्या सांगण्याला मान द्यावा, पण पौष-माघातील पातळी लाखपुरीच्या व गोपालखेडच्या वह्यांतून सालवार काढून पाहावी. दोहोंचा मेळ बसला तर उत्तम. बसला नाही, तर वहीवर अधिक विश्वास ठेवावा, असे माझ्यासारख्या म्हाताऱ्यानेच सांगितलेले बरे.

पुरासंबंधी तर ही वही गावोगाव धावणाऱ्या जासूदाचे काम करते. आपल्या देशात नदीची पातळी पाहून पुढच्या गावांना पुराची आगाऊ सूचना देण्याचे काम १९५८ साली दिल्ली येथे यमुनेवर सुरू झाले. त्यानंतर ते अनेक नद्यांवर पसरले. तापीच्या मुखाशी सुरत शहर आहे. १९६८ च्या आणि २००६ च्या ऑगस्ट महिन्यांत तेथे मोठे महापूर आले. तापीचे पाणी म्हणजे केवळ तापीचे नव्हे, त्यात आपल्या पूर्णेचेही पाणी आहे. आषाढातील एखाद्या रात्री गाविलगडच्या डोंगरांत पाऊस कोसळतो, वान-शहानूर फुगतात, मोर्णा-काटेपूर्णाही भरून येतात. गोपालखेडच्या काठावर कोणी एक जण डोक्यावर घोंगडी घेऊन, विजेरीच्या उजेडात मापपट्टीवरचा आकडा वाचतो. मग येरळीस पाणी चढते व तेथील आकडा पुढे जातो. चांगदेवचा संगम ओलांडला की भुसावळजवळ हतनूरचे धरण आहे. त्याची दारे किती उघडावयाची, हे ठरविणारे त्या आकड्याची वाट पाहत असतात. त्याही पुढे गुजरातेत १९७२ साली पूर्ण झालेले उकाईचे धरण आहे, आणि त्याच्या खाली सुरत. सुरतेत त्या वेळी आकाश निरभ्र असेल, रस्त्यावर दुकाने उघडी असतील, आणि लोकांना वऱ्हाडातील पावसाची वार्ताही नसेल. पाणी तेथे पोहोचावयास अजून अवकाश असतो, आकडा मात्र पोहोचलेला असतो.